अंगण, पडवी, चौक: निसर्गाशी जोडलेलं घर बांधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बांधायला निघालेली माणसं पहिल्यांदा भेटायला येतात, तेव्हा बहुतेकांच्या मोबाइलमध्ये साधारण एकच फोटो असतो. जमिनीपासून छतापर्यंत काच, पलीकडे हिरवळ, अलीकडे पांढरा सोफा. त्या फोटोत पाऊस कधीच पडत नसतो. गेली कित्येक वर्षं कोकणात आणि पुण्याच्या आसपास घरं बांधताना जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

निसर्गाशी जोडलेलं घर म्हणजे मोठ्या खिडक्यांचं घर का?

मोठ्या खिडकीतून निसर्ग दिसतो. पण तुम्ही एसीत आणि झाड उन्हात, असं असेल तर तो टीव्हीवर बघितल्यासारखाच. आपल्या जुन्या घरांकडे जरा नीट बघा. कोकणात आधी खळं, मग ओटी किंवा पडवी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, मागची पडवी आणि परसू. देशावर अंगण, ढाळज (दारालगतची बैठक), सोपा (ओसरी), चौक (घरामधलं उघडं अंगण). गोव्यातल्या जुन्या हिंदू घरांत मधोमध राजांगण. या घरांत आत आणि बाहेर यांच्यामध्ये एकच भिंत उभी नसे. उजेड, वारा, ओल आणि परका माणूस, सगळे टप्प्याटप्प्याने आत येत. पोस्टमन खळ्यात, पाहुणा ओटीवर, घरचा माणूस माजघरात.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच असतं: वर छप्पर आहे पण बाजूला भिंत नाही अशा जागा वाढवा. नकाशात त्या ‘वाया गेलेल्या’ वाटतात. राहायला गेल्यावर घरातली माणसं दिवसाचे निम्मे तास तिथेच सापडतात. काच त्यानंतरची गोष्ट.

जागा घेतली आहे. नकाशा काढण्याआधी काय बघायचं?

शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ द्या. हे ऐकून लोकांचे चेहरे उतरतात, मला कल्पना आहे. पण जुलैमध्ये छत्री घेऊन प्लॉटवर तासभर उभं राहिलं की जे कळतं ते कुठल्याही सर्व्हेत येत नाही. वरच्या बांधावरून पाणी कुठून उतरतं, कुठे तुंबतं, झड कुठल्या बाजूने मारते, सगळं समोर दिसतं. मग एकदा मे महिन्यात दुपारी चारला जा आणि सावली कुठे आहे ते बघा. शेजारच्या वाडीत कुणी वयस्कर असेल तर त्यांना दोनच प्रश्न विचारा: वारा कुठून येतो आणि विहिरीचं पाणी कधी तळाला जातं.

असलेली झाडं नकाशावर बुंध्यासकट आणि घेरासकट मांडून घ्या. शहरी हद्दीत झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण कायद्याखाली आधी परवानगी लागते. किनाऱ्याजवळ जागा असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, रेषा कुठून जाते ते व्यवहार करण्याआधीच तपासा. व्यवहार झाल्यावर तपासणारेही भेटले आहेत, त्यांची कहाणी वेगळी.

कोकणातल्या घराचा नकाशा सासवडला चालेल का?

नाही. पुण्याच्या बाजूला हवा कोरडी असते. एप्रिलमध्ये दिवसा पारा ३८-४० अंशांवर गेला तरी रात्री चांगलाच उतरतो. तिथे जाड भिंती, दिवसा बंद खिडक्या आणि रात्री सताड उघड्या, हे जमतं. चौकात पाण्याचं कुंड ठेवलं तर खरंच गारवा येतो.

रत्नागिरीत दिवस आणि रात्रीच्या तापमानात फारसं अंतर नसतं आणि हवेत आधीच भरपूर बाष्प असतं. तिथे कुंडातलं पाणी गारवा देत नाही, डास मात्र देतं. कोकणात अंगावर वारा लागला पाहिजे. समोरासमोर दारं, खोलीच्या दोन बाजूंना खिडक्या, वर छपराच्या टोकाला गरम हवा बाहेर पडायला वाट. थोडक्यात, देशावरचं घर दिवसा मिटतं आणि कोकणातलं घर दिवसभर उघडं असतं. पावसातही तोच फरक: पुण्यात वर्षाला ७०० ते ७५० मिलिमीटर, रत्नागिरीत ३००० च्या वर. एकाच मासिकातून उचललेलं घर दोन्हीकडे बसणार कसं?

आमच्याकडे पश्चिमेला समुद्र आहे. तिकडे पूर्ण काच लावली तर?

कोकणातलं खरं कोडं हेच. देखावा पश्चिमेला, वारा पश्चिमेचा, झड पश्चिमेची आणि दुपारनंतरचं ऊनही पश्चिमेचंच. चौघे एकाच दारातून येतात. त्यांतल्या दोघांना आत घ्यायचं आहे आणि दोघांना बाहेर ठेवायचं आहे. काच यातलं नेमकं उलटं करते: वारा अडवते आणि ऊन आत घेते.

थोडं गणित करू. आपल्या अक्षांशावर मे महिन्यात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ३३ अंशांवर असतो. खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर त्याची सावली खाली जेमतेम सव्वा फूट उतरते. चार फुटी खिडकीचा बाकीचा भाग उन्हात. तोच छज्जा दक्षिणेला घ्या. एप्रिलमध्ये दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असल्याने खिडकी पूर्ण सावलीत राहते. डिसेंबरात सूर्य ४८ अंशांपर्यंत खाली येतो, तेव्हा खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत येतं, आणि ते हवंसंच असतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे उत्तरेची खिडकीही मेच्या शेवटच्या पंधरवड्यात सकाळ-संध्याकाळ तापते. पण खरी कसोटी पश्चिमेचीच.

पश्चिमेला छज्जा पुरत नाही, पडवी लागते. आठ फूट रुंद, आणि वळचण जमिनीपासून सात फुटांच्या आसपास इतकी खाली घेतलेली. वरच्याच वेळेला अशा पडवीत ऊन भिंतीच्या पायाशी दोनेक फुटांपर्यंतच पोचतं. साडेपाचनंतर ते आत घुसणारच. त्यासाठी बांबूच्या चिका सोडा आणि सूर्य बुडायच्या आधी दहा मिनिटं वर गुंडाळा. समुद्र बघायचा तो तेव्हाच.

पावसाळ्यात याच बाजूला पूर्वी झापं बांधत. नारळाच्या झावळ्या विणून केलेली आणि पावसाळा सरला की काढून टाकलेली ही तात्पुरती भिंत मला अजूनही आवडते. हल्ली तिथे हिरवी-निळी ताडपत्री येते. काम होतं, डोळे दुखतात. माणगा बांबूच्या चौकटीत बसणारे, काढता-घालता येणारे तट्टे करून घेतले तर दोन्ही साधतं. बांबू मात्र बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेला घ्या, नाहीतर दुसऱ्या वर्षी भुंगा पीठ पाडेल.

काच हवीच असेल तर पडवीच्या आतल्या भिंतीला लावा. आणि पक्ष्यांचा विचार करा. काचेत झाडाचं प्रतिबिंब दिसलं की बुलबुल सरळ त्यात घुसतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा दोऱ्या असल्या तर त्याला अडथळा दिसतो. एखाद-दुसरं शोभेचं स्टिकर लावून काही होत नाही.

घराच्या मधोमध चौक हवा आहे. पावसाचं पाणी घरात नाही का येणार?

चौक चुकला तर येतं. माझ्या स्वतःच्या घरात पहिल्याच जुलैत आलं. मी एकच मोरी ठेवली होती, तिच्या तोंडावर फणसाची पानं बसली आणि मध्यरात्री चपला माजघरात तरंगत होत्या.

हिशोब असा करा. दहा बाय दहा फुटांचा चौक म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पण चौकात फक्त आकाशातून पडणारं पाणी येत नाही, आत उतरणाऱ्या छपराचंही येतं. ते छप्पर ५० चौरस मीटर असेल आणि तासाला १०० मिलिमीटरची सर आली, तर तासाभरात जवळजवळ ६००० लिटर पाणी त्या चौकात उतरणार. मिनिटाला शंभर लिटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हा १०० चा आकडा घाबरवण्यासाठी घेतलेला नाही. चार इंची एक नळ हे पाणी सहज वाहून नेतो, पण मोकळा असेल तर. म्हणून दोन नळ, दोन वेगळ्या कोपऱ्यांत, दोन्हींवर उचलता येणारी जाळी. शिवाय चौकाची जमीन घराच्या जमिनीपेक्षा किमान एक फूट खाली. नळ तुंबले तरी उठून पानं काढायला तुमच्याकडे वेळ राहतो.

चौकाभोवती चारही बाजूंनी तीन-चार फुटांची छपराखालची फिरती वाट ठेवा. तुषार तिथपर्यंतच येतात. फरशी खरखरीत हवी. घोटीव शहाबादी किंवा कडप्प्यावर जुलैत शेवाळ धरलं की आजी-आजोबांसाठी तो सापळाच.

आणि चौक दोन मजली भिंतींच्या मधे सहा बाय सहाचा करू नका. तो चौक होत नाही, डक्ट होतो.

एवढं उघडं घर केलं तर पावसाळ्यात सगळं ओलं आणि बुरसटलेलं नाही का होणार?

होतं. उघड्या घराचे फोटो टाकणारे हे सांगत नाहीत. जून ते सप्टेंबर कोकणात चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी येते, पुस्तकांची पानं चिकटतात, कपाटातल्या साड्यांना कुबट वास लागतो. जुन्या घरात यावर दोन उपाय होते. एक, चूल. तिचा धूर कौलांमधून जाताना वासे आणि माळ्यावरचं धान्य कोरडं ठेवायचा, वाळवीही दूर राहायची. दुसरा, माजघर. चहूबाजूंनी खोल्या किंवा पडव्या असल्याने त्याची एकही भिंत पावसात भिजत नसे. अंधारं म्हणून आपण त्याला नावं ठेवली, पण कोठारं, अंथरुणं, कागदपत्रं सगळं तिथेच का असायचं?

आता चूल नाही. माजघर मात्र परत आणा. एकही भिंत बाहेर न येणारी, घट्ट दारांची एक खोली घराच्या पोटात ठेवा. कपडे, पुस्तकं, इलेक्ट्रॉनिक वस्तू तिथे. कपाटं भिंतीपासून दोन इंच पुढे. डीह्युमिडिफायर लावायचा तर या एकाच खोलीत लावा, बिलही आटोक्यात राहतं. घराचं पोट कोरडं असलं की बाकीचं घर हवं तितकं उघडं ठेवायची हिंमत येते. बाहेरच्या खोल्यांत मग गादीचा सोफा नको; लाकडी बाक, झोपाळा, वेताच्या खुर्च्या.

डास, साप, विंचू, वानर?

डासांसाठी जाळी झोपायच्या खोल्यांना लावा, सगळ्या घराला नको. जाळीने वारा बराच अडतो, त्यामुळे जाळीची खिडकी नेहमीपेक्षा मोठी घ्या. साचलेल्या पाण्यात डासाची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, म्हणून कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा ओतायच्या आणि कुंडात गप्पी मासे सोडायचे.

सापाला तुमच्या घरात रस नसतो. त्याला उंदरात, बेडकात आणि अडगळीत रस असतो. जोत्याभोवती चार फूट जागा मोकळी ठेवा, खडी किंवा फरशी घातलेली. सरपण, जादा चिरे, फुटकी कौलं भिंतीला टेकवून रचू नका. कोकणातलं फुरसं अशाच दगडांखाली बसतं. मोरीच्या तोंडाला जाळी, दाराखाली फट नको, रात्री पडवीत बॅटरी. दंश झालाच तर सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, तिथे प्रतिविष असतं. मंत्र आणि पाला यांत वेळ जातो.

वानरांवर माझ्याकडे उपाय नाही. छपरापासून फांद्या दहा-बारा फूट लांब ठेवल्या तर उड्या कमी पडतात, एवढंच.

कोणती झाडं लावू आणि घरापासून किती लांब?

वड, पिंपळ, उंबर घराजवळ नको. भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोपटं बोटभर असतानाच काढा. आंबा-फणस किमान २५ फुटांवर. नारळ तर छपरावर, गाडीवर आणि झोपाळ्यावर पडणार नाही इतका दूर. शेवग्याची फांदी ठिसूळ, वाऱ्यात मोडते.

घरालगत बकुळ, पारिजातक, कुंती, अनंत, सोनचाफा. झोपायच्या खोलीच्या खिडकीजवळ रातराणी हौसेने लावतात आणि दोन महिन्यांत डोकं दुखतं म्हणून कापतात, तेव्हा ती फाटकापाशी बरी. न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू. चौकात तुळस, गवती चहा, जागा ओलसर असेल तर सोनटक्का.

एक सल्ला परदेशी पुस्तकांतून उचललेला दिसतो: उन्हाच्या बाजूला पानझडी झाड लावा, म्हणजे हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात सावली. आपल्याकडची पानझडी झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडी पडतात, म्हणजे नेमकी ऊन तापायला लागतं तेव्हा. पश्चिमेला सदाहरित झाडच हवं: बकुळ, जांभूळ, आंबा. बहावा लावा जरूर, पण तो मे महिन्यात बघण्यासाठी. सावलीची अपेक्षा त्याच्याकडून नको.

जुना आंबा आहे. छपरातून आरपार जाऊ देऊ का?

फोटोसाठी सुंदर. पण झाड वाऱ्यात हलतं आणि जाड होत जातं, छप्पर दोन्ही करत नाही. त्या सांध्यातून पाणी गळणारच. झाडाभोवती चौक करा आणि घर त्याच्यापासून मागे घ्या. मुळांवर काँक्रीट ओतू नका.

छप्पर कौलाचं की स्लॅबचं?

१८६५ मध्ये बाझेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ते कौल किनाऱ्यावरच्या घरांचा चेहराच झालं. ते चालतं याचं कारण साधं आहे: फटींतून श्वास घेतं, एक फुटलं तर एकच बदलता येतं आणि उतारामुळे पाणी थांबत नाही. पण तुमच्या गावात कौलं शाकारणारा माणूस अजून आहे का, हे आधी विचारा. नसेल तर स्लॅब घालून तिच्यावर हवेसाठी फट ठेवून कौलं बसवा. महाग पडतं, पण वानरं नाचली तरी घर गळत नाही. कुठलंही छप्पर असो, वळचण भिंतीपासून तीन फूट तरी बाहेर. पागोळ्या जिथे पडतात तिथे खडीची चर काढा, नाहीतर लाल शिंतोड्यांनी भिंत दोन फूट रंगेल.

जांभ्या चिऱ्याची भिंत आतून-बाहेरून उघडी ठेवली तर?

वळचण मोठी असेल तर ठेवा, चिऱ्यांमधल्या दरजा (सांधे) नीट भरून. चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेत घट्ट होतो, पण पाणी पितो. झडीच्या बाजूला बाहेरून चुन्याचा गिलावा बरा. आतून सगळ्या भिंती उघड्या ठेवल्या तर खोली अंधारते आणि चिऱ्याची पूड झडत राहते. एक भिंत पुरे.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. आमच्यासाठी यात काही आहे का?

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कंबाला हिलवर १९८३ मध्ये पूर्ण केलेली कांचनजंगा इमारत बघा. २८ मजल्यांच्या त्या मनोऱ्याच्या कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्ची-बागा आहेत. देखावा आणि वारा पश्चिमेचा, ऊन-पाऊसही तिकडचाच, हेच कोडं तिथेही होतं. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचं तत्त्व त्यांनी आभाळात उचलून ठेवलं.

आपल्या फ्लॅटची बाल्कनी चार फुटी असते आणि पहिल्याच दिवाळीत ती बंद करून हॉलला जोडली जाते. ते करू नका, एवढीच विनंती. माती भरून बाग करण्याआधी वजन मोजा. बाल्कनीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरलेला असतो. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर एका चौरस मीटरवर ५०० किलोंच्या पुढे जातो. तेव्हा मातीचा सलग वाफा नकोच. हलक्या कुंड्या, कोकोपीट मिसळलेली माती, आणि जड कुंडी भिंतीकडे, कठड्याकडे नाही.

हे वास्तुशास्त्रात बसतं का?

मधलं ब्रह्मस्थान मोकळं ठेवा म्हणतात, चौकही तेच सांगतो. इथवर आमचं जमतं. नैऋत्य जड ठेवायच्या नावाखाली वाऱ्याची बाजू भिंतीने बुजवली तर मी वाद घालतो.

पावसाचं पाणी साठवून वर्षभर पुरेल?

१०० चौरस मीटरच्या छपरावर रत्नागिरीत वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडतं. सगळं साठवायला तेवढीच मोठी टाकी बांधणार का? उलट बाजूने मोजा. फेब्रुवारी ते मे, १२० दिवस, चार माणसं, पिण्या-स्वयंपाकाला माणशी दहा लिटर: ४८०० लिटर. पाच हजारांची झाकलेली टाकी पुरते. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्या, नंतरचं गाळून भरा, आणि उरलेलं विहिरीजवळच्या खड्ड्यात जिरवा.

बजेट कमी आहे. कुठे कात्री लावू?

खोल्यांच्या आकाराला. मॉड्युलर किचनला. फॉल्स सीलिंगला तर नक्कीच. वळचण, जोत्याची उंची, वाळवीप्रतिबंधक फवारणी आणि मोऱ्या यांना हात लावू नका. पडवी परवडत नसेल तर तिचं जोतं आत्ता घालून ठेवा, छप्पर दोन वर्षांनी घाला. जोतं नंतर जोडलं की सांधा फाटतो.

आम्ही मुंबईत असतो, गणपतीत आणि मेमध्ये गावी येतो. असं घर आम्हाला झेपेल?

उघडं घर बंद ठेवलं की सगळ्यात लवकर खराब होतं. कौलाखालच्या घराला माणसाचा वावर लागतो. कुणीतरी दर आठवड्याला दारं उघडून वारा खेळवायला, मोरीतली पानं काढायला आणि सरकलेलं कौल जागेवर बसवायला हवं. असं माणूस मिळत नसेल तर घर निम्मं बांधा: कुलूप लागणाऱ्या दोन कोरड्या खोल्या आणि त्यांच्याभोवती मोठी पडवी. पडवीत खराब होण्यासारखं काही ठेवायचंच नाही. मेमध्ये सगळी पाहुणेमंडळी नाहीतरी तिथेच झोपतात. किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या, आंब्याची पेटी त्यांनाच पहिली. आणि माळ्यावर पन्नासेक जादा कौलं, त्यांत चार काचेची, आत्ताच घेऊन ठेवा; दहा वर्षांनी त्याच मापाची मिळत नाहीत.